चिखलाजवळ भांडायचं नाही

वाइपारू, ९ जून १९९६

ताई,

हेही पत्र न फोडता परत पाठवायचं असेल तर खुशाल पाठव. आधीची तिन्ही परत आली, ती मी चहाच्या डब्याखाली नीट ठेवली आहेत. परवा पोस्टातली बाई सगळ्या रांगेसमोर म्हणाली, "इहाका, ऑस्ट्रेलियाला पत्रं पाठवतोस की बूमरँग?" माणसं हसली. मीही हसलो. वय त्रेसष्ट झालं की लाज जरा पातळ होते.

बातमी अशी आहे की खालच्या रानातला मोठा चर मी बुजवला. हो, तोच. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा. शेजारच्या ग्रॅहमला त्याचं खणायचं यंत्र घेऊन बोलावलं होतं. तो अर्धा तास टोपी मागे सारून नुसता बघत उभा. मग म्हणाला, "तीस वर्षं लोकांच्या जमिनीतलं पाणी बाहेर काढतोय मी. आत घालायला बोलावणारा तू पहिलाच. डोकं ठिकाणावर आहे ना रे?" मी म्हटलं, डोक्याचं माहीत नाही, पण झाड ठिकाणावर राहिलं पाहिजे.

आईचं माइरेचं झाड म्हणतोय मी. तू गेलीस तेव्हा दलदलीत अकरा होती. आता ते एकच उरलंय, आणि त्याचाही शेंडा वाळलाय. श्वास घ्यायला चिखलातून वर येणारी त्याची मुळं आठवतात? आपण त्यांच्यावरून उड्या मारायचो आणि आई ओरडायची. ती सगळी उघडी पडून म्हाताऱ्याच्या बोटांसारखी वाकडी झालीत. पण यंदा झाड फळांनी लालेलाल आहे. रानकबुतरं इतकी खातात की त्यांना धड उडता येत नाही. ग्रॅहम म्हणतो, झाड मरायला टेकलं की असं भरभरून फळतं. त्याचं काय ऐकायचं, पण ऐकलं. बादलीभर फळं वेचून आणली आहेत. रोपं करणार. ते झाड पडायच्या आत त्याची पोरं पाण्यात उभी राहिली पाहिजेत, एवढंच आता मनात आहे.

तू विचारशील, अठरा वर्षांनी ही उपरती कशी झाली? सांगेन पुढे कधीतरी. रिपेका गेली, आणि बायको गेली की घर फार मोठं होतं, सध्या एवढंच समज. आपल्या रीतीप्रमाणे तीन दिवस तिचा देह सभाघरात होता. भिंतीकडेला तिच्या सोबतीला आलेल्या सगळ्यांच्या गाद्या पसरल्या होत्या आणि तुझ्या नावाची एक गादी तीन दिवस रिकामी राहिली. कुणी तिच्यावर बसलं नाही, लहान पोरंसुद्धा. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही असं ठरवलं होतं. लिहिलं. असो.

तुझा धाकटा भाऊ,
इहाका
(सदा चिखलात असतो म्हणून तू ज्याला वाम म्हणायचीस, तोच. वाम आता जाड झालीय आणि तिचे गुडघे दुखतात.)

वाइपारू, ४ ऑगस्ट १९९६

ताई,

पत्र परत आलं नाही! आठ आठवडे झाले. म्हणजे एक तर तू ते वाचलंस, नाहीतर तू घर बदललंस. मी पहिलंच धरून चाललोय.

बियांचं काम अगदी शिस्तीत झालं. फळांचा गर काढला, बिया तीन पाण्यांनी धुतल्या, वर्तमानपत्रावर पसरल्या आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या वरच्या फळीवर ठेवल्या. आई कामोकामो भोपळ्याच्या बिया ठेवायची तिथेच. तीन आठवडे रोज हलवत होतो. खडखडीत वाळल्या, बोटात धरून वाजवल्या तर टकटक वाजायच्या. मग रिपेकाने जमवलेल्या लोण्याच्या डब्यांना भोकं पाडून दोनशे बिया पेरल्या. डबे चांगल्या उन्हात, वाऱ्यावर ठेवलेत. रिपेका डबे टाकू द्यायची नाही तेव्हा मी किती टोमणे मारायचो! आता रोज सकाळी दूध काढून झालं की पहिला तिथे जातो.

दोनशे माइरे, ताई. अकराचे दोनशे. बघच तू.

खालच्या रानात पाणी चढतंय. माझी एक गाय पोटापर्यंत रुतली आणि ग्रॅहमच्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. गाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला तू आठवलीस. राग मानू नकोस.

इहाका

वाइपारू, २ नोव्हेंबर १९९६

ताई,

एकही नाही.

दोनशेतलं एकही बी उगवलं नाही. सप्टेंबरात वाटलं, थंडी आहे. ऑक्टोबरात वाटलं, आळशी आहेत. काल एका डब्यात हिरवं टोक दिसलं तेव्हा मी चक्क टोपी काढली. ते गवत निघालं. मग बिया उकरून पाहिल्या. वाळवून ठेवल्या तशाच होत्या, आत काळा भुगा.

काय चुकलं मला कळत नाही. आई करायची तसंच सगळं केलं होतं. झाडाची तिकडे आणखी एक फांदी मोडून पडलीय. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते टिकेल की नाही, सांगता येत नाही.

आज विनोद सुचत नाहीत. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं आणि या घरात बोलायला कुणी नाही, म्हणून तुला लिहिलं.

इहाका

वाइपारू, २३ नोव्हेंबर १९९६

ताई! ताई! ताई!

तुझं कार्ड आलं. पुढे घराएवढा अननस आणि मागे एकच ओळ. "पाण्यात उभ्या असणाऱ्या झाडाचं बी कुणी वाळवतं का रे गाढवा?"

अठरा वर्षं तू बोलली नाहीस. माझे केस गेले, दात गेले, बायको गेली, तरी बोलली नाहीस. आणि मी चार बिया वाळवल्या तर तुला राहवलं नाही! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ कुठे सुटतो ते मला आज कळलं. हे आधी माहीत असतं तर मी अठ्ठ्याहत्तर सालापासून बिया वाळवल्या असत्या.

कार्ड फ्रिजवर लावलंय, अननस आत आणि तुझं अक्षर बाहेर. ग्रॅहमने वाचलं आणि म्हणाला, "बाई बरोबर बोलतेय." वाम न म्हणता गाढव म्हणालीस, पण इतक्या वर्षांनी ही बढतीच आहे.

तू म्हणालीस त्याची खात्री करायला कायकोहेच्या रस्त्यावरच्या बेरिलबाईंकडे गेलो. रोपवाटिका चालवतात, वय सत्तरच्या पुढे, कायम कमरेला कात्री. मी कपाटाची हकीकत सांगितली. त्या खाली पालथ्या घातलेल्या कुंडीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या.

"गरम कपाटात? टॉवेलांवर? अहो इहाका, ते जांभळाच्या कुळातलं झाड. त्याचं बी म्हणजे जिवंत मासा! पाण्याबाहेर ठेवलंत, मेला."

"मग पेरायचं कधी?"

"झाडाखालून उचललंत त्याच दिवशी. आणि कुंडी पाण्यात उभी ठेवायची. उन्हात नाही, वाऱ्यात नाही. सावलीत."

म्हणजे मी एकूण एक गोष्ट उलटी केली होती. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाचा हात कोरड्याकडेच जातो, ताई. बी दिसलं की वाळव, पाणी दिसलं की चर खण. आता नव्याने शिकायला हवं. फळं येणार जूनमध्ये, तोवर झाडाने दम धरला पाहिजे.

तुझा गाढव

वाइपारू, २९ जून १९९७

ताई,

झाडाने दम धरला. फळं मात्र मोजकीच आली. कबुतरांनी आपल्यात आणि माझ्यात वाटणीच ठेवली नाही. शेवटी मी झाडाखाली खुर्ची टाकून छत्री घेऊन बसलो. फळ पडलं की उठायचं, उचलायचं, पुन्हा बसायचं. वरून कबुतरं काय टाकत होती ते लिहीत नाही, छत्री तुला दाखवीन कधीतरी.

नऊ दिवसांत एकसष्ट फळं मिळाली. प्रत्येक फळ त्याच दिवशी, हात ओला असतानाच पेरलं. गोठ्यातलं जुनी दगडी डोण पाण्याने भरून तिच्यात कुंड्या उभ्या केल्यात, वर पोत्याची सावली. गाईंना पाणी प्यायला दुसरीकडे जावं लागतं, त्या नाराज आहेत.

तुझी कार्डं येत राहू देत. "पाणी बदलतोस का?" या तीन शब्दांवर मी महिनाभर काढतो. (बदलतो.)

इहाका

वाइपारू, ११ ऑक्टोबर १९९७

ताई,

अडतीस!

पहिलं उगवलं ते मला गवतच वाटलं, म्हणून मी टोपी काढली नाही. मग दुसरं आलं, तिसरं आलं. कोवळी पानं तांबूस, तेलाचं बोट लावल्यासारखी चकचकीत. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडलो. ग्रॅहम आला तर सांगितलं की डोळ्यात शेण गेलं.

रिपेकाला हे बघायला मिळायला हवं होतं. तुला ती फारशी आवडत नव्हती, ठाऊक आहे मला. त्याबद्दल मला कधीतरी तुला काही लिहायचं आहे. आज नको. आज अडतीसांचा दिवस आहे.

इहाका

वाइपारू, १६ मे १९९९

ताई,

रोपं आता गुडघ्याएवढी झाली, म्हणून गेल्या आठवड्यात खालच्या रानात लावली. दिवसभर वाकून अडतीस खड्डे केले. संध्याकाळी पाहिलं तर ओळ कशी सुतासारखी सरळ. झोपताना स्वतःवर खूश होतो.

सकाळी गेलो तर जांभळ्या पाणकोंबड्या माझ्या आधी उठल्या होत्या. सात रोपं उपटून, खाल्ली नाहीत हं, नुसती उपटून, प्रत्येक खड्ड्याशेजारी व्यवस्थित आडवी ठेवलेली. आणि त्या लाल चोचीच्या बायका शेपट्या उडवत माझ्याकडे बघत होत्या, जणू काम तपासायला मुकादम आलाय. पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपटली. ग्रॅहम म्हणाला, "बंदूक आणू?" मी म्हटलं, नको रे, त्यांचं रान मीच वीस वर्षं घेतलं होतं.

दुसरी एक गोष्ट कबूल करतो. मी रोपं पाण्यात नाही, कडेच्या उंचवट्यावर लावली. बुडतील म्हणून धीर होईना. आता पानं करपल्यासारखी दिसतात. काय करू?

इहाका

वाइपारू, १३ जून १९९९

ताई,

तुझं कार्ड पोचलं. या वेळी चक्क चार ओळी! "उंचवट्यावर काय बटाटे लावतोस? घोट्याएवढ्या पाण्यात लाव. उघड्यावर नको, लव्हाळ्याच्या गड्ड्यात लाव, पाणकोंबडी तिथे चोच घालत नाही. आईने दाखवलं होतं तेव्हा तू वाम पकडत होतास."

तसंच केलं. बूट काढले, अनवाणी उतरलो, गार पाण्याने जीव गेला. चिखलात बोटं रुतवून एकेक रोप लव्हाळ्याच्या पोटात बसवलं. पाच दगावली होती, दोन लावताना मोडली, एकतीस राहिली. दोन आठवडे झाले, एकाला चोच लागलेली नाही. करपलेल्यांना नवी पालवी येतेय. आणि ऐक, म्हाताऱ्या झाडाभोवती पाण्यातून नवी मुळं वर आलीत, बोटाएवढी, टोकाला पांढरी. मी मोजली आणि परत आलो. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा जाऊन मोजली.

इहाका

वाइपारू, २२ ऑगस्ट १९९९

ताई,

तुझ्या कार्डावर या वेळी एकच शब्द आहे. "चिखल?"

हा प्रश्न येणार हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तीन वर्षं मी तुला झाडाच्या गोष्टी सांगतोय, कारण झाडाबद्दल लिहिताना मला लाज कमी वाटते. आता सगळं सांगतो. हे वाचून तू पुन्हा पत्रं परत पाठवायला लागलीस तर मी तक्रार करणार नाही.

आई ज्यात पानांचा वाख काळा रंगवायची तो चिखल ज्या खड्ड्यात होता, त्याच्या बरोब्बर मधून मी चर नेला. खड्डा वाहून गेला, समुद्राला मिळाला. तो परत येणार नाही. हे तुला ठाऊकच आहे. त्याच दिवशी सकाळी तू शेवटचा वाख त्यात बुडवला होतास, मनात आग घेऊन, आणि तो राखेसारखा करडा निघाला. आई म्हणायची ना, चिखलाजवळ भांडायचं नाही, राग घेऊन हात घालायचा नाही, रंग चढत नाही. तू तो करडा वाख माझ्या स्वयंपाकघरात टेबलावर आपटलास.

"हे कुणाचं डोकं?" तू विचारलंस. आणि उत्तराची वाट न बघता रिपेकाकडे बोट केलंस. "हिचंच ना? दुसऱ्या खोऱ्यातून आलेली. हिला काय त्या चिखलाचं!"

मी चहात साखर ढवळत होतो. ढवळत राहिलो. रिपेकाने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक चमचा साखर घातली.

ताई, ते डोकं माझं होतं. रिपेका महिनाभर विनवत होती. "वन्संचा चिखल आहे तिथे. तुमच्या आईचा आहे. नका हो खणू." मीच ऐकलं नाही. सगळ्या खोऱ्याची रानं सपाट हिरवी झाली होती, माझंच लव्हाळ्याचं. बाबांनी मला आयुष्यात एकदाही चांगला शेतकरी म्हटलं नव्हतं. मला ते ऐकायचं होतं. त्यांनी नंतरही म्हटलं नाही, ते सोड.

तू पेटी घेऊन गेलीस. मी रिपेकाला म्हटलं, मी तिला पत्राने खरं कळवतो. ती म्हणाली, "राहू द्या. भाऊ-बहिणीत आणखी तुटायला नको. माझ्यावर राग धरला तर मला परकीला काय होतंय?" आणि मला ते सोयीचं वाटलं. सतरा वर्षं सोयीचं वाटत राहिलं. तिच्या निरोपाला तू आली नाहीस, तेव्हा त्या रिकाम्या गादीसमोर बसून मला पहिल्यांदा कळलं की ती गादी मी रिकामी केली आहे.

आता पुढचं. यंत्र यायच्या आदल्या दिवशी रिपेका एकटीच खाली गेली आणि चार बादल्या चिखल काढून आणला. अंगणातल्या पाण्याच्या टाकीखाली जुना आंघोळीचा टब होता, त्यात ओतला, वर पत्रा टाकला. दर पंधरा दिवसांनी त्याला मानुकाच्या सालीचा काढा पाजायची, पाणी आटू द्यायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, फुलझाडांचं खत आहे. मला ठाऊक होतं खत नाही ते. तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने मला दोन गोष्टी बजावल्या. "टबाला वेळेवर काढा घाला. आणि शेजारी उभं राहून कुरकुर करू नका, तो ऐकतो." दुसरी अशी की, "वन्सं कधी आल्याच, तर सांगा तुम्हीच सांभाळलात म्हणून. त्यांना बरं वाटेल."

पहिली मी पाळली. चार वर्षं एकदाही चुकलो नाही. दुसरी मोडतोय.

चिखल आहे, ताई. जिवंत आहे की नाही, ते मला पाहता येत नाही. ते तुझ्या हातालाच कळेल. मला तुझी फार आठवण येते.

इहाका

वाइपारू, ३ ऑक्टोबर १९९९

ताई,

सहा आठवडे झाले. पत्र परत आलं नाही आणि कार्डही आलं नाही. पोस्टातली बाई आता थट्टा करत नाही, मी दारात दिसलो की आधीच मान हलवते.

रोपं बरी आहेत. मी बरा नाही. पण टबाला काढा घातला, आणि कुरकुर केली नाही.

इहाका

वाइपारू, १४ नोव्हेंबर १९९९, सकाळ

ताई,

तू भिंतीपलीकडच्या खोलीत राहतेस, म्हणून तिकीट लावलं नाही. हे दाराखालून सरकवतोय. तोंडाने बोलावं म्हटलं तर आठ दिवसांत तू माझ्याशी एकूण सहा शब्द बोललीस, त्यातले चार "बूट बाहेर काढून ये" हेच आहेत, आणि पाचवा, सहावा तू तोंडातल्या तोंडात बोललीस. म्हणून पुन्हा पत्र.

गेल्या शनिवारी ग्रॅहमचा फोन आला. "अरे, तुमच्या कबरस्तानात कुणी बाई सूटकेस घेऊन बसलीय. तासभर झाला. एकटीच बोलतेय." मी चप्पल उलटसुलट घालून धावलो. तू रिपेकाशेजारी गवतावर बसली होतीस. मला पाहिलंस आणि हाताने खूण केलीस, थांब. मी फाटकाशी थांबलो. आणखी एक तास थांबलो. तू तिच्याशी काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारणारही नाही.

तेव्हापासून रोज सकाळी तू तिच्याकडे जातेस. झाडाशी बोलतेस. गाईंशी बोलतेस, ज्यांची तुझी काही ओळख नाही. परवा ग्रॅहमशी पाणकोंबड्यांवर अर्धा तास बोललीस. काल खाली उतरून रोपं मोजलीस आणि मला ऐकू जाईल अशा बेताने त्याला सांगितलंस, "एकतीस लिहितो गाढव. एकोणतीस आहेत. दोन रानटी झुडपांना हा माइरे समजून पाणी राखतोय." मी जाऊन पाहिलं. खरं आहे. त्यांना मी नावंसुद्धा ठेवली होती.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही.

रोज तू टाकीखाली जायचीस, पत्रा उचलायचीस, बघायचीस, पत्रा परत ठेवायचीस. हात घालत नव्हतीस. मी गोठ्यातून बघायचो. का घालत नाहीस ते मला ठाऊक होतं, आईने दोघांनाही एकाच दिवशी सांगितलं होतं. मला वाटलं, आठ दिवसांनी ही पेटी भरेल, जाईल, आणि पत्रा तसाच राहील. आणि ते माझ्या कर्माने योग्यच असेल.

मग गुरुवारी दूध काढताना मला आवाज आला. घरामागच्या आईच्या हाराकेकेची पानं तू कापली होतीस आणि शिंपल्याने त्यांचा वाख काढत होतीस. सर्र, सर्र. एकवीस वर्षांत या अंगणात तो आवाज नव्हता. गाईने पाय झाडून बादली सांडली आणि मी तसाच बसून राहिलो.

काल तू वाख सालीच्या काढ्यात भिजवलास. मग टाकीखाली गेलीस. पत्रा उचललास. आणि बाह्या सारून कोपरापर्यंत दोन्ही हात आत घातलेस.

ताई, मी ते पाहिलं. रंग चढेल की नाही त्याची मला त्या क्षणी पर्वाच राहिली नाही. तू राग घेऊन तिथे हात घालणार नाहीस, हे मला माझ्या नावाइतकं माहीत आहे.

आज पहाटे तू ओढ्यावर वाख धुतलास आणि दोरीवर टाकलास. आता ऊन आलंय. मी गोठ्याच्या दारात बादलीवर बसून हे लिहितोय आणि दोरीकडे बघतोय. काळा आहे. करडा नाही, तपकिरी नाही. आई समारंभाला नाचाचे घागरे करायची तसा काळाभोर. चार बादल्या चिखल, आणि तो सतरा वर्षं एका बाईने सांभाळला, जिला आपण दोघांनी मिळून परकी म्हटलं.

मला माफ कर असं मी त्या मोठ्या पत्रात लिहिलं नव्हतं. लिहायचं धाडस झालं नाही. आता लिहितो. माफ कर, ताई. एवढं वाचून काही बोलावंसं वाटलं तर मी गोठ्यात आहे. नाही वाटलं तरी गोठ्यातच आहे.

तुझा
इहाका

(याच कागदाच्या पाठीवर, दुसऱ्या अक्षरात)

वाम्या,

रिपेकाशी माझं बोलून झालं. आता तुझी पाळी. चिखलाजवळ भांडायचं नाही, म्हणून स्वयंपाकघरात ये. चहा टाकलाय. साखर मी घातली आहे, ढवळत बसू नकोस.

बूट बाहेर काढ.